डोहाळ्याचे डबे

हणमंत, तू मंगळवारी सकाळी गेलास. कुपवाडच्या कारखान्याच्या गेटवर पहिल्या पाळीचे कामगार दुचाक्या आत घेत होते. तू खुर्चीत बसून होतास. एकाने नेहमीसारखा नमस्कार केला, तरी तू हात वर केला नाहीस, म्हणून त्याने गाडी थांबवली. डॉक्टरांनी दाखल्यावर हृदयविकाराचा झटका असं लिहिलं. तुझ्या मृत्यूबद्दल माझ्याकडे असलेली खात्रीची माहिती एवढीच आहे.

बाकीची माहिती तुझ्या लेकीबद्दलची आहे, आणि तिच्या बाळाबद्दलची. शेवटच्या आठवड्यात तू फोनवर एकच प्रश्न फिरून फिरून विचारत होतास आणि मी दरवेळी "अजून कळलेलं नाही" म्हणत होतो. आता थोडं कळलं आहे. ते तुला सांगायचं आहे.

सुरुवात डब्यांपासून करतो. रहिमतपूरच्या शाळेत आपण एका बाकावर बसायचो तेव्हा मासा म्हणजे नदीतला, काटे काढत खायचा. तू सैन्यात गेलास, मी साताऱ्याला पेपरात लागलो. पहिल्या मोठ्या सुट्टीला आलास तेव्हा तुझ्या ट्रंकेत कपड्यांच्या घड्यांमध्ये माशांचे डबे होते. बांधावर बसून तू एक चाकूने उघडलास आणि माझ्यापुढे धरलास.

"बघ गड्या. काटा न्हाई, खवलं न्हाई, वास न्हाई. मासा असून तरास न्हाई."

मला तो आवडला नाही. तेल घशाला चिकटलं. तू माझ्या वाटणीचाही खाल्लास आणि वर म्हणालास, "पेपरवाल्याला काय कळतंय." तिथून पुढे माझं नाव तेच पडलं.

सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर तुला कुपवाडला सिक्युरिटीची नोकरी लागली आणि तू सांगलीत मगदूम अण्णांच्या घरात मागच्या दोन खोल्या घेतल्यास. अण्णा जैन. त्यांनी पहिल्याच दिवशी अट घातली, की घरात मांसमच्छी शिजवायची नाही. तू ती अट हुकूम वाचावा तशी वाचलीस. मला म्हणालास, "शिजवायचं न्हाई म्हणालं अण्णा. खायाचं न्हाई असं कुटं म्हणालं?" डब्यातला मासा शिजवावा लागत नाही. मिरजेतल्या एका दुकानात तुला टूनाचे डबे मिळाले. संध्याकाळी ड्यूटीवरून आलास, की फाटकाबाहेर कडुनिंबाखाली स्कूटरवर बसून तू डबा उघडायचास आणि खाऊन, हात धुऊन मगच घरात जायचास. अण्णांचा मान आणि तुझी जीभ, दोन्ही राहिली याचा तुला अभिमान होता.

रिकाम्या डब्यांचं काय करायचं, हा प्रश्नही तू फौजी पद्धतीने सोडवलास. राखेने घासायचे, लेबल सोलायचं, बुडाला खिळ्याने भोकं पाडायची आणि आत झेंडूची रोपं लावायची. तुझ्या खोल्यांपुढे झेंडूच्या डब्यांची रांग झाली. मग तू अण्णांच्या पायरीवरही दोन्ही बाजूंना मांडलीस. एकदा मी आलो होतो तेव्हा अण्णा पायरीवर उभे राहून म्हणाले, "हणमंतराव, सगळ्यांच्या झेंडूला फुलपाखरं येत्यात. तुमच्या झेंडूला मांजरं कशी काय येत्यात वो?"

तू अटेन्शनमध्ये उभा राहिलास. "जात येगळी हाय अण्णा, झेंडूची."

"असंल, असंल," म्हणत अण्णा आत गेले.

रूपाली सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. माहेर म्हणजे तू, त्या दोन खोल्या आणि गावाहून मुद्दाम बोलावलेली तुझी थोरली बहीण, आक्का. रूपालीची आई ती शाळेत असतानाच गेली. लेकीचे डोहाळे पुरवायचं काम आईचं. ते तुझ्याकडे आलं आणि तू ते कमालीचं मनावर घेतलंस. मिठाई आणलीस, तिने ढकलून दिली. महाबळेश्वरहून येणाऱ्या कुणाकडून स्ट्रॉबेरी मागवलीस, तिने दोन खाल्ल्या. मग एका संध्याकाळी ती कडुनिंबाखाली तुझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आप्पा, मला दे की त्यातला."

तू मला फोन करून सांगितलंस. आवाजात एवढा आनंद मी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. "बापावर गेलंय रं माझं पोरगं. मासाच मागतंय."

डोहाळजेवणाला मी साताऱ्याहून आलो होतो. हिरव्या साडीत, फुलांनी मढून रूपाली पाटावर बसली होती. पुढ्यात ताट भरलेलं होतं आणि ती नुसती चिवडत होती. बायका पांगल्यावर तू माझ्याच पेपरात गुंडाळून डबा आणलास आणि वाटीत न काढता तसाच तिच्या हातात दिलास. आक्काने पाहिलं. मला वाटलं ती ओरडेल.

"दे बाबा, दे," आक्का म्हणाली. "डोहाळं ऱ्हायलं तर पोराची लाळ गळती जल्मभर."

"माझ्या नातवाची लाळ गळणार न्हाई," तू म्हणालास. "पुऱ्या बटालियनीचं डोहाळं भागलं असतं एवढं डबं खाल्लंय ह्या पोरीनं."

रूपाली तोंडात घास धरून हसली. मला म्हणाली, "काका, आप्पा रोज आणतात. ड्यूटीवरनं आले की आधी डबा, मग बूट."

आम्ही सगळे हसलो. फोटोत तो क्षण आहे. रूपालीच्या हातात डबा आहे आणि तू तिच्यामागे, पाणी घेऊन.

त्यानंतर काही आठवड्यांनी माझ्या टेबलावर एक छोटी बातमी आली. बाहेरून आलेल्या टूनाच्या डब्यांच्या एका बॅचचे नमुने तपासले गेले होते. त्यांत पारा मर्यादेपेक्षा जास्त निघाला होता आणि ती बॅच बाजारातून परत मागवली होती. खाली बॅच नंबर होता. बातमी आतल्या पानावर, एका कॉलमाची होती. मी ती दुरुस्त करून पुढे पाठवली आणि तुला फोन लावला.

"हणम्या, ते डबे बंद कर. त्यात पारा सापडलाय."

तू हसलास. "पारा व्हय? आमच्यात हाय की लय. रूपालीची आई रोज मोजायची."

"थट्टा नाही. थर्मामीटरमधला असतो तो."

"मग दिसंल की. चांदीगत चमकंल."

"दिसत नाही. वास नाही, चवही नाही."

 

मी तुला समजावलं, जसं बातमीखालच्या चौकटीत लिहितात तसं. पारा पाण्यात जातो, तिथून बारीक जिवांत, त्यांना खाणाऱ्या लहान माशांत, आणि त्या माशांवर जगणाऱ्या मोठ्या माशांत तो साठत राहतो. टूना मोठा मासा आहे. एखादा डबा खाल्ल्याने सहसा काही होत नाही. वर्षानुवर्षं रोज खाणाऱ्याची गोष्ट वेगळी. पोटातल्या बाळाची आणखी वेगळी. पारा आईकडून बाळात जातो. वाढत्या मेंदूला, ऐकण्याला धोका असू शकतो.

"असू शकतो म्हंजे? हाय का न्हाई?"

"आत्ता सांगता येत नाही."

"तुझ्या पेपरला लाव आग. पेपरची भाषा मला नको. हाय का न्हाई, ते बोल."

"हणम्या, मला माहीत नाही."

तू फोन ठेवलास. तो वाद तिथेच राहिला आहे. मी आजही "असू शकतो" असंच लिहीन, कारण खरं तेवढंच आहे. पण लेकीच्या हातात डबा देणाऱ्या माणसाला त्या दोन शब्दांचं काय करायचं हे कळत नाही, हेही खरं आहे.

दुसऱ्या दिवशी तूच फोन केलास. आवाज खाली होता. शेजारी रूपाली असावी. "किती खाल्लं म्हंजे लय?" मी म्हटलं, तिला डॉक्टरांकडे घेऊन जा. तू म्हणालास, "न्यायचीच हाय. पर काय सांगू जाऊन? बापानं भरवलं म्हणून?"

आणखी एक गोष्ट तुझ्याशी बोलायची राहिली. गेल्या वर्षभरात तू बदलला होतास. गेटवर कामगारांवर खेकसायचास. एकदा कपबशी फेकलीस. बोटांना मुंग्या येतात म्हणायचास आणि चहा बशीत ओतताना थोडा खाली सांडायचास. कारखान्यात, घरात, अण्णांकडे, सगळीकडे तुझ्याबद्दल एकच वाक्य होतं. सुभेदारांचा पारा चढलाय. आम्ही सगळेच ते म्हणायचो, हसत. तू गेल्यावर मी रूपालीच्या डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, चिडचिड, हाताला कंप, बोटांना मुंग्या, ही शरीरात पारा साठल्याची लक्षणं असू शकतात. साखरेची असू शकतात, वयाचीही असू शकतात. तपासल्याशिवाय कुणी सांगणार नाही. तुझी तपासणी झाली नव्हती. आता होऊ शकत नाही. "पारा चढलाय" हे वाक्य आता मला कुणाही माणसाबद्दल उच्चारता येत नाही.

मी तुला बॅच नंबर सांगितला होता. तो डब्याच्या बुडावर छापलेला असतो. भरलेले डबे तू फोन होताच फेकून दिले होतेस, घाबरून, न बघता. राहिले होते झेंडूचे. सोमवारी संध्याकाळी तू काय केलंस ते मला अण्णांनी सांगितलं. मंगळवारी आम्ही तुला पोचवून आलो, तेव्हा ते पायरीवर बसले होते.

तू आधी आपल्या दारातली रोपं उपटलीस. माती झटकून एकेक डबा उलटा करून उजेडात धरलास. आकडे बुडाच्या मधोमध होते. भोकंही तू मधोमधच पाडली होतीस, सगळ्या डब्यांना सारखी. कुठे पहिले दोन आकडे दिसत, कुठे शेवटचा. मग तू अण्णांच्या पायरीशी आलास.

अण्णा म्हणाले, "मला म्हणतात कसे, अण्णा, ही झेंडूची रोपं काढायला पाहिजेत. म्हटलं, का वो? फुलं चांगली येत्यात की. तर खालीच बसले पायरीवर. म्हणाले, अण्णा, हे डबे माशांचे हायत. मी तुमच्या दारात ठेवले. मला माफ करा. साहेब, हणमंतरावांना मी कधी असं बसलेलं बघितलं नव्हतं."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, पहिल्या दिवसापासनं ठाऊक हाय. मांजराला नाक असतंय, मला न्हाई व्हय? तुम्ही माझ्या घरात चूल बाटवली न्हाई, माझं काय म्हणणं न्हाई. मग त्यांनी ते पाऱ्याचं सांगितलं. मग आम्ही दोघांनी मिळून रोपं काढली."

अण्णांच्या नखांत अजून माती होती. ते ती काढत होते. मग म्हणाले, "साहेब, एक विचारू? मी त्या पोरीला शिजवू दिलं असतं तर तिनं नदीतला ताजा मासा खाल्ला असता. हा डबा घरात आलाच नसता. व्हय का न्हाई?"

तुझाच प्रश्न. 

हणमंत, माझी आई मिरजेला दवाखान्यात होती तेव्हा दुपारचा डबा तू आणायचास. कुपवाडहून, उन्हात, स्कूटरच्या हुकला अडकवून. भाकरी फडक्यात बांधलेली असायची म्हणून ऊन राहायची. आईला डाळ पातळ लागते हे तू एकदा ऐकलंस आणि पुन्हा कधी घट्ट आणली नाहीस. तुझे आभार मी मानले नाहीत, कारण तू शिव्या दिल्या असत्यास. त्या डब्यात काय आहे हे मी कधी झाकण उघडून पाहिलं नाही. आपल्या माणसाने आणलेला डबा कुणी तपासत नाही. रूपालीनेही तपासला नाही.

तिसऱ्या दिवशी माती सावडून आलो, तेव्हा रूपालीने मला आतल्या खोलीत बोलावलं. उशीच्या खोळीतून तिने एक डबा काढला. न उघडलेला. "आप्पा सगळे फेकत होते तेव्हा एक लपवला, काका. खाल्ला नाही. नुसता ठेवला. वाटलं, बाळ झाल्यावर खाईन." तिने तो माझ्या हातात दिला, पण लगेच सोडला नाही. "आप्पांना मी खोटं सांगितलं, की संपले म्हणून. तेवढा एक डबा दिला असता तर त्यांना नंबर दिसला असता ना?"

मी डबा उलटा केला. भोकं नव्हती. आकडे स्वच्छ होते. खिशातल्या कागदाशी मी ते लावून पाहिले. तोच नंबर होता.

मी तिला लगेच सांगितलं. तिने एक हात पोटावर ठेवला आणि उभीच राहिली.

डॉक्टरांचं म्हणणं असं पडलं, की रक्तात अलीकडचं कळतं, केसांत मागच्या महिन्यांचं. मानेजवळची एक बारीक बट, अगदी मुळाशी कापून, पुण्याला तपासायला पाठवायची. रूपाली कात्री शोधू लागली आणि आक्का दारात आडवी उभी राहिली.

"पोटुशी बाई केस कापत न्हाई. त्यात घरात सुतक. काय चाललंय काय ह्या घरात?"

"आत्या, तपासायला द्यायचेत."

"काय तपासायचं? लेकरू लाथा मारतंय, मला दिसतंय की भाईरनं."

"आत्या, ते ऐकतंय का, हे दिसतंय का तुला भाईरनं?"

 आक्का माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "मीच म्हणलं व्हतं न्हवं, दे बाबा दे?" मी म्हटलं, आक्का, सगळेच होतो तिथे. तिने रूपालीच्या हातातली कात्री घेतली, तिला पाठमोरी बसवलं, मानेवरचे केस वर उचलले आणि बट स्वतः कापली. कापताना ती पुटपुटत होती. देवाचं नाव घेत असेल असं मला वाटलं. जवळ गेल्यावर कळलं, ती तुला शिव्या देत होती.

त्या दिवसापासून घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. ताट पडलं, फाटक वाजलं, की रूपाली पोटावर हात ठेवून थांबते. बाळ दचकलं का, ते बघते. दचकलं तर सांगत नाही. दचकलं नाही तर थोड्या वेळाने स्वतःच पुन्हा ताट आपटते. आक्का स्वयंपाकघरातून ते ऐकते. मी साताऱ्याला परत गेलो तरी ताटाचा तो आवाज माझ्याबरोबर आला. माझ्या घरातल्या फळीवरचा प्रत्येक डबा मी उलटा करून पाहिला. कशाशी ताडायचं ते माहीत नव्हतं.

तुला सांगायचं होतं, की तू काही जाणूनबुजून केलं नाहीस. हे तू जिवंत असताना बोललो असतो तर तू म्हणाला असतास, पेपरची भाषा नको. म्हणून साध्या भाषेत सांगतो. तुझ्या हातचं खाऊन ती पोर खूश होती. मी पाहिलंय.

आता उरलेलं.

केसांचा अहवाल आला. पाऱ्याचं प्रमाण प्रयोगशाळेने दिलेल्या मर्यादेच्या वर आहे. डॉक्टरांनी सांगितलं, मर्यादेच्या वर म्हणजे इजा झालीच असं नाही. इजा झाली नाही, असंही नाही.

लपवलेला डबा मी अन्नसुरक्षेच्या कार्यालयात जमा केला. त्याचा अहवाल आलेला नाही. मिरजेच्या त्या दुकानात फळीवर आता त्या कंपनीचे डबे नाहीत. दुकानदार म्हणाला, "सुभेदार नेत व्हते तेवढंच खपायचं."

तुझ्या उत्तरकार्यासाठी मी परत सांगलीला आलो. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी रूपाली बाळंत झाली. मुलगी आहे. वजन चांगलं आहे. जन्मताच रडली. आवाज बाहेरच्या बाकापर्यंत आला. अण्णा तिथे बसले होते, ते उठून उभे राहिले.

आक्काने बाळ मांडीवर घेतल्यावर पहिल्यांदा तिच्या ओठांखालून बोट फिरवलं आणि ते बोट मला दाखवलं. कोरडं होतं.

काल बाळाच्या कानांची चाचणी झाली. ती झोपेत असताना कानात बारीक नळी लावतात, तीतून आवाज सोडतात आणि कानाच्या प्रतिसादाची यंत्र नोंद घेतं. उजव्या कानाची नोंद मिळाली. डाव्या कानाची मिळाली नाही. चाचणी पुन्हा घ्यायची आहे.